महानायक मालिकांतील नायकत्व : कोल्हापूरची आस्वाददृष्टी

अलौकिक शक्ती, लपवलेली ओळख आणि ठरलेला वेश असलेल्या नायकाभोवती गुंफलेल्या दूरचित्रवाणी मालिकांना महानायक मालिका म्हणतात. त्यांतील पात्रांची पायरी ठरवणे, खरा नायक कोण याचा निवाडा करणे, त्याला कोणते कृत्य शोभले आणि कोणते नाही यावर हुज्जत घालणे हा जगभरच्या चाहत्यांचा आवडता उद्योग आहे. कोल्हापुरात या निवाड्याला तालीम, कुस्ती, पन्हाळ्याचा इतिहास आणि शहराची चित्रपट-परंपरा यांचे संदर्भ आपसूक येऊन मिळतात. त्यामुळे येथे नायकाच्या बळाइतकाच, पुष्कळदा त्याहून अधिक मान, त्याच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बिनशक्तीच्या माणसाला मिळतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या वैशिष्ट्याचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : सुपरमॅन हे पात्र १९३८ मध्ये अमेरिकी चित्रकथांतून पुढे आले आणि १९५२ ते १९५८ या काळात दूरचित्रवाणीवर स्थिरावले. बॅटमॅन (१९६६–६८) आणि हल्क (१९७७–८२) यांच्या मालिका त्यानंतरच्या. मराठी वाचकाला या जातीचा नायक आधी छापील रूपात भेटला. १९६४ पासून निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला जंगलातला मुखवटाधारी वेताळ मराठीतही घरोघरी पोचला होता. १९८० च्या दशकात दूरदर्शनवर स्पायडरमॅनची व्यंगपटमालिका आणि जपानी जायंट रोबोट आले. पण लहानथोरांनी एकत्र बसून पाहिलेली भारतीय महानायक मालिका म्हणजे ‘शक्तिमान’. ती १३ सप्टेंबर १९९७ रोजी सुरू झाली आणि मार्च २००५ पर्यंत चालली. ‘कॅप्टन व्योम’ (१९९८) तिची समकालीन. पुढे इंग्रजी वाहिन्या आणि त्यानंतर ओटीटी यांमुळे ‘स्मॉलव्हिल’ (२००१–११), ‘अ‍ॅरो’ (२०१२–२०), ‘द फ्लॅश’ (२०१४–२३), ‘डेअरडेव्हिल’ (२०१५–१८) या मालिका कॉलेजच्या वयातल्या प्रेक्षकांपर्यंत आल्या.

दुहेरी ओळखीच्या उगमाचा वाद : दिवसा साधा माणूस आणि वेळ येताच संहारक, ही महानायकाची सर्वांत ठळक खूण. ती कोठून आली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. पाश्चात्त्य अभ्यासक सामान्यतः विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ‘द स्कार्लेट पिंपरनेल’ या इंग्रजी कथानकाकडे आणि १९१९ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या झोरोकडे बोट दाखवतात. दोन्हींत वरून ऐदी आणि नाजूक भासणारा उमराव आतून धाडसी निघतो. सुपरमॅन आणि बॅटमॅन यांच्यावर या कथांचा ठसा आहे, याबद्दल फारसे दुमत नाही. वाद आहे तो भारतीय प्रेक्षकाने ही कल्पना इतक्या सहज का स्वीकारली याचा.

भारतीय पक्ष विराटपर्वाचा आधार घेतो. अज्ञातवासात भीम बल्लव नावाने विराटाच्या मुदपाकखान्यात राहतो. राजधानीतल्या उत्सवात जीमूत नावाच्या मल्लापुढे कोणी उभे राहीना, तेव्हा राजाज्ञेने या स्वयंपाक्याला आखाड्यात उतरवले जाते आणि तो जीमूताला लोळवतो. नंतर कीचक द्रौपदीच्या वाटेला जातो, तेव्हा भीम रात्री नर्तनशाळेच्या अंधारात दबा धरून त्याला ठार करतो. सकाळी नगरात बोलबाला होतो तो अदृश्य गंधर्वांचा. मारणारा पुन्हा चुलीशी बसलेला असतो. खोटे नाव, हलके काम, रात्रीचा सूड आणि नगरात पसरलेली वदंता, असा महानायक मालिकेचा जवळजवळ सगळा सांगाडा येथे आहे.

हा धागा कोल्हापुरात विशेष जवळचा ठरतो, कारण याच कथेवर शहराच्या चित्रपटसृष्टीची पायाभरणी झाली. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात लॉर्ड कर्झन दिसतो म्हणून सरकारने त्यावर १९१० मध्ये बंदी घातली. त्यानंतर दहा वर्षांनी बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात, महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे, ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. स्वतः तयार केलेल्या कॅमेऱ्यावर काम करणाऱ्या या कलावंताने भीमाच्या हातून होणारा कीचकवध असा काही चित्रित केला, की ते दृश्य पुढे कापावे लागले. लोकमान्य टिळकांनी पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली ती याच चित्रपटासाठी.

एवढ्यावरून गंगाधर, म्हणजे ‘शक्तिमान’च्या नायकाचे रोजचे साधे रूप, हा बल्लवाचा थेट वंशज ठरवणे धाडसाचे होईल. ही दोन्ही रूपे साकारणारे मुकेश खन्ना त्याआधी ‘महाभारत’ मालिकेत (१९८८–९०) भीष्माच्या भूमिकेत घराघरांत पोचले होते. ‘शक्तिमान’मध्ये सूर्यांशी ऋषी नायकाला योगसाधनेने पंचमहाभूतांची शक्ती मिळवून देतात. हे पौराणिक धागे उघड आहेत; पण चष्मा, वृत्तपत्राची कचेरी आणि नायकावर भाळलेली पत्रकार ही मांडणी तितकीच उघडपणे सुपरमॅनची आहे. सांगाडा परका आणि कान घरचे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. प्रेक्षकाला गोष्ट नवी वाटली नाही, कारण तिचा अर्थ लावण्याची सवय त्याला आधीपासून होती.

पात्रांचे वर्गीकरण : संस्कृत नाट्यविचार येथे उपयोगी पडतो. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा माळव्याच्या मुंज राजाच्या आश्रयाने, धनंजयाने लिहिलेल्या ‘दशरूपका’त नायकाचे धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत असे चार प्रकार येतात. मुख्य कथेला समांतर चालणाऱ्या उपकथेच्या नायकाला तेथे पीठमर्द म्हटले आहे. तो मुख्य नायकाचा निष्ठावान सोबती असून गुणांनी त्याच्याहून किंचित उणा असतो. ‘अ‍ॅरो’मधला, नायक ऑलिव्हर क्वीनचा सोबती जॉन डिगल या व्याख्येत नीट बसतो. हे पात्र मूळ चित्रकथांत नव्हते. मालिकेसाठी ते घडवले गेले आणि तेथून ते चित्रकथांत शिरले.

गंगाधराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पुढे आलेले दात, जाड चष्मा, बोजड शुद्ध हिंदी आणि सतत होणारी फजिती ही संस्कृत नाटकातल्या विदूषकाची, आणि आपल्याकडे तमाशातल्या सोंगाड्याची, लक्षणे. शास्त्राने नायक आणि विदूषक ही दोन माणसे मानली. या मालिकेने ती एकाच देहात कोंबली आणि गिरकीसरशी एकातून दुसरा काढला. तमाशाच्या फडावर मोठा झालेला सोंगाड्याचा चाहता गंगाधराला दुय्यम मानत नाही. मुकेश खन्नांची खरी करामत शक्तिमानात नसून गंगाधरात आहे, हे मत म्हणूनच विचारात घेण्याजोगे आहे.

वीर की रौद्र : नायकाने जीव घ्यावा का, हा चाहत्यांतला सर्वांत कडवा वाद. वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी टिकून राहणारी भावना, उत्साह आणि रौद्राचा क्रोध. नाट्यशास्त्राने वीराचे दान, धर्म आणि युद्ध असे तीन प्रकार सांगितले. धनंजयाने धर्माच्या जागी दया घातली, तर चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त चारही प्रकार एकत्र मान्य केले. या वाटणीने पाहिले तर ‘अ‍ॅरो’च्या पहिल्या पर्वातला ऑलिव्हर क्वीन वीर ठरत नाही. वडिलांनी मागे ठेवलेल्या वहीतली नावे एकेक करून खोडणारा हा धनुर्धारी क्रोधाने चालतो आणि सर्रास माणसे मारतो. पर्वाच्या शेवटी (२०१३) जिवलग मित्र टॉमी मरतो, तेव्हा तो जीव न घेण्याचा निश्चय करतो. ‘डेअरडेव्हिल’च्या दुसऱ्या पर्वात (२०१६) हाच प्रश्न दोन माणसांत वाटला आहे : मारणारा पनिशर आणि न मारणारा मॅट मर्डॉक, म्हणजे स्वतः डेअरडेव्हिल, गच्चीवर समोरासमोर हुज्जत घालतात.

कुस्ती पाहून तयार झालेल्या नजरेला येथे उत्तर शोधावे लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी बांधवून घेतलेल्या आणि १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या खासबाग मैदानात मातीतली कुस्ती पाहिलेल्या माणसाला क्रम पाठ असतो. हलगी कडाडते. दोघे मल्ल वाकून माती कपाळाला लावतात, ओंजळभर माती एकमेकांच्या अंगावर टाकतात, हाताला हात लावून सलामी देतात आणि मग खडाखडी सुरू होते. अंगावर माती टाकण्यामागे घामाने निसटणारी पकड घट्ट व्हावी हा हेतू असतो. म्हणजे आपल्याला पकडण्याची सोय मल्ल स्वतःच जोडीदाराला करून देतो. पाठ मातीला लागली, चितपट झाली, की कुस्ती संपली. त्यानंतर टाकलेला हात हा डाव नसतो. या नियमावर वाढलेला चाहता पनिशरची बाजू समजून घेतो, त्याच्या दुःखाने हळहळतोही. पण पहिला मान मर्डॉकला देतो.

वस्तादाचे स्थान : तालमीत वस्ताद पठ्ठ्याला डाव शिकवतो, खुराक ठरवतो, त्याची जोड कोणाशी लावायची हेही पाहतो. हौदातली तांबडी माती हळद, लिंबू, ताक, तेल घालून मळायची असते आणि ते काम पठ्ठ्यांकडून करून घेणाराही तोच. शेजारी मारुतीची मूर्ती असते. अफाट बळ असूनही जन्मभर सेवक राहिलेला आणि आपले बळ जांबवंताने आठवण करून देईपर्यंत विसरलेला हा देव तालमीचे दैवत आहे. बळ कोणाच्या तरी सांगण्यात असले पाहिजे, ही धारणा तेथून येते.

‘द फ्लॅश’च्या पहिल्या पर्वात (२०१४–१५) नायक बॅरी अ‍ॅलनला पळायला शिकवणारा हॅरिसन वेल्स हाच त्याच्या आईचा मारेकरी निघतो. इतरत्र या कलाटणीचे कौतुक रहस्य म्हणून झाले. गुरूच्या पायाची माती कपाळाला लावणाऱ्या परंपरेत ती त्याहून खोल जखम ठरते. शत्रूचे घाव सोसता येतात, पण पठ्ठ्याला तयार करून त्यालाच दगा देणाऱ्या वस्तादाला क्षमा नाही. ‘अ‍ॅरो’मधला स्लेड विल्सनही ऑलिव्हरला बेटावर घडवतो आणि मग त्याचा वैरी होतो, परंतु त्याचे वैर दगाबाजीतून नव्हे, दुःखातून आलेले असल्याने त्याच्याविषयी राग तितका टोकाचा राहत नाही.

दुसऱ्या स्थानाचा मान : कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर पन्हाळा आहे. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले त्या प्रसंगाने येथील नायकत्वाच्या कल्पनेला कायमचे वळण दिले. परंपरा सांगते की महाराजांसारखा दिसणारा, नेबापूरचा शिवा काशीद त्यांचा पोशाख करून पालखीत बसला, पकडला गेला आणि मारला गेला. तपशिलाची समकालीन साधने तुटपुंजी असली तरी त्याची समाधी पन्हाळ्याच्या परिसरात आहे आणि स्मृती जागती आहे. विशाळगडाच्या वाटेवर बाजीप्रभू देशपांड्यांनी खिंड अडवून धरली आणि तेथेच देह ठेवला. पन्हाळगडावर बाजीप्रभूंचा पुतळा उभा आहे. राजा विशाळगडावर पोचला हे यश, पण त्या रात्रीचे नायक हे दोघे, असे मानणाऱ्या भागात पाठीराख्याचे पात्र हलके समजले जाणे शक्यच नाही.

या दृष्टीने ‘अ‍ॅरो’च्या तिसऱ्या पर्वातला (२०१४–१५) ऑलिव्हरचा तरुण साथीदार रॉय हार्पर याचा प्रसंग महत्त्वाचा. ऑलिव्हरभोवती पोलिसांचा फास आवळत आला असता हा पोरगा त्याच्या जागी पुढे येतो, तो धनुर्धारी मीच असे जाहीर करतो आणि तुरुंगात जातो. तेथे त्याचा मृत्यू रचला जातो आणि जगाच्या लेखी तो संपतो. एरवी मालिकेच्या ओघात वाहून गेलेला हा भाग शिवा काशीदाच्या शेजारी ठेवला की त्याचे वजन कळते. वेश नायकाचा, मरण सोंग घेणाऱ्याचे. फरक इतकाच की रॉय वाचतो. सहाव्या पर्वात डिगलही काही काळ ऑलिव्हरचा हिरवा वेश चढवतो. त्याच्यापाशी कोणतीही अलौकिक शक्ती नाही, हातात त्या वेळी कंप आहे, तरी तो उतरतो. वेशाला पात्र कोण, तर ज्याला तो झेपणार नाही हे ठाऊक असूनही जो तो अंगावर घेतो, हे माप येथे लावले जाते. या मापाने शक्तिमान किंवा सुपरमॅन यांची बाजू लंगडी पडते. ज्याला गोळी लागतच नाही त्याच्या धैर्याची परीक्षा कशी घ्यावी, हा प्रश्न जुना आहे.

स्त्री-पात्रे : ‘शक्तिमान’मधील गीता विश्वास ही पत्रकार खलनायक तामराज किल्विषच्या हस्तकांच्या मागावर जाते. तिला पुन्हा पुन्हा सोडवावे लागते हा पटकथेचा कमकुवतपणा, पात्राचा नव्हे. ‘अ‍ॅरो’त फेलिसिटी स्मोक ही संगणकतज्ज्ञ एका भागापुरती आली आणि पुढे मालिकेच्या केंद्राशी पोचली. चित्रकथांत ग्रीन अ‍ॅरोची, म्हणजे ऑलिव्हरची, जोडीदार असलेली ब्लॅक कॅनरी, म्हणजे लॉरेल लान्स, चौथ्या पर्वात (२०१६) मारली गेली, तेव्हा चाहत्यांत फेलिसिटीचे आणि लॉरेलचे अशी उभी फूट पडली. लॉरेलची बाजू अधिक न्याय्य वाटते. तिने वेश कष्टाने मिळवला होता. मार खाऊन, शिकून, पुन्हा उभी राहून. कावळा नाक्यावर महाराणी ताराबाईंचा अश्वारूढ पुतळा असलेल्या शहरात ‘सुपरगर्ल’ (२०१५–२१) मालिकेची नायिका अपवाद म्हणून पाहिली जाण्याचे कारण नव्हते.

मराठी मालिकांत : अलौकिक शक्तीचा नायक मराठी दूरचित्रवाणीवर प्रामुख्याने पौराणिक मालिकांतूनच आला. चित्रपटात ‘बाजी’ने (२०१५) मुखवटाधारी मराठी नायकाचा प्रयोग केला. कोल्हापूर परिसरात चित्रित झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ (२०१६–२१) या मालिकेतला राणादा हा शक्ती नसलेला, पण महानायकाच्या बऱ्याच खुणा बाळगणारा पैलवान होता : अंगात प्रचंड बळ, बोलण्यात भाबडेपणा आणि हात उगारण्याबाबत संकोच. या मालिकेकडे कौटुंबिक नाट्य म्हणूनच पाहिले गेले असले, तरी नायकत्वाच्या अभ्यासात तिला ‘शक्तिमान’च्या जवळ जागा द्यावी लागेल. अलीकडच्या ‘द बॉइज’ (२०१९ पासून) या मालिकेत महानायकच कंपनीचे पगारी आणि क्रूर दाखवले आहेत. तेथे त्यांचा म्होरक्या होमलँडर याच्यासमोर उभी राहणारी ह्यूईसारखी सामान्य माणसे आरंभी पूर्णपणे बिनशक्तीची असतात.