गावचं काम पंचायतीच्या आराखड्यात कसं घालायचं: वॉर्ड सभा, ग्रामसभा आणि लागणारे कागद

ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम दरवर्षी साधारण 2 ऑक्टोबरला सुरू होते. कर्नाटकातल्या बेळगाव-खानापूर भागात तेव्हा भात कापणीला आलेलं असतं, निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीची तयारी चाललेली असते. वॉर्ड सभेची दवंडी कानावर पडते, पण शेत सोडून जायला कुणाला सवड नसते. मग मे महिन्यात नळ कोरडे पडले की पंचायतीच्या दारात घागरी घेऊन जायचं, आणि पीडीओंनी (पंचायत विकास अधिकाऱ्यांनी) सांगायचं, "हे काम आराखड्यात नाही." लोकांना वाटतं टोलवाटोलवी चालली आहे. कधी असतेही. पण नियम खरा आहे. वित्त आयोगाच्या निधीतलं काम मंजूर आराखड्यात असेल आणि ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढलेलं असेल, तरच त्याचं बिल पुढे सरकतं.

हा आराखडा म्हणजे गटारी आणि काँक्रीट रस्त्यांची यादी, असा आपल्याकडे पक्का समज आहे. वास्तविक घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय आहेत. पाणी, शाळा, आरोग्य, शेती, दिवाबत्ती, महिला-बालकल्याण, सगळं त्यात येतं. पंचायतीकडे ना डॉक्टर, ना वीजखात्याचा लाइनमन, ना शिक्षक. म्हणूनच ग्रामसभेला प्रत्येक खात्याच्या गावपातळीवरच्या माणसानं हजर राहून आपल्या खात्याची परिस्थिती मांडायची आणि सगळ्यांनी मिळून गावाचं ध्येय ठरवायचं, अशी पद्धत आखून दिलेली आहे. त्यासाठी 9 संकल्पना ठरवल्या आहेत: गरिबीमुक्त गाव, आरोग्यदायी गाव, बालस्नेही गाव, जलसमृद्ध गाव, स्वच्छ व हरित गाव, पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव, सामाजिक सुरक्षेचं गाव, सुशासनाचं गाव आणि महिलास्नेही गाव. पंचायतीनं यातल्या एक-दोन निवडून ग्रामसभेत संकल्प करायचा असतो. नऊच्या नऊ निवडणारी पंचायत बहुधा एकही मनावर घेत नाही, असं माझं मत आहे.

कोण मागू शकतं?

पात्रता अगदी साधी आहे. कर्नाटक ग्राम स्वराज आणि पंचायत राज कायदा 1993 प्रमाणे त्या वॉर्डाच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण वॉर्ड सभेचा सदस्य असतो. घर स्वतःचं आहे की भाड्याचं, रेशन कार्ड कुठल्या रंगाचं, घरपट्टी भरली की थकली, याचा सभेत बोलण्याशी काही संबंध नाही. (थकबाकी असेल तर बिल कलेक्टर तिथंच आठवण करून देईल, ती गोष्ट वेगळी.) पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला कामाला असलेल्यांनी आपलं नाव गावच्या यादीत आहे की तिकडच्या, हे आधी पाहावं. तिकडे असेल तर इथं मत मांडता येणार नाही.

वॉर्ड सभा सहा महिन्यांतून एकदा तरी व्हायलाच हवी. कोरम (सभा भरायला लागणारी किमान हजेरी) एक दशांश सदस्य किंवा 20, यांपैकी जे कमी असेल ते; ग्रामसभेसाठी एक दशांश किंवा 100, जे कमी ते. हजर असलेल्यांत शक्यतो 30 टक्के महिला असाव्यात, असंही कायदा सांगतो. म्हणजे गल्लीतली वीस माणसं ठरवून गेली तर वॉर्ड सभा कोरमअभावी रद्द झाली, असं कुणाला म्हणता येत नाही.

बायकांना आणखी एक वाट आहे. संजीवनी या सरकारी अभियानातले बायकांचे बचत गट आपला वेगळा दारिद्र्य निर्मूलन आराखडा तयार करतात आणि तो पंचायतीच्या आराखड्यात जोडायचा असतो. महिला ग्रामसभा आणि मुलांची ग्रामसभाही कर्नाटकात घेतली जाते. शाळेच्या संडासाला पाणी नाही, ही गोष्ट मोठ्यांच्या सभेत कुणी काढत नाही. मुलांच्या सभेत ती हमखास निघते.

सभेआधी: काम मागू नका, फरक मागा

खरी मेख इथं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

समजा, खानापूर तालुक्यातल्या एखाद्या वाड्यावर उन्हाळ्यात पाणी येत नाही. सभेत कुणीतरी उठतो आणि म्हणतो, "आम्हाला नवी टाकी पाहिजे." ठराव होतो, दोन वर्षांनी टाकी उभी राहते, पाणी काही येत नाही. कारण टाकीचा दोष नव्हताच. वॉटरमनला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की संध्याकाळी व्होल्टेज पडतं आणि बोअरची मोटर उचलत नाही. टीसीवर (ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त आहे. ते काम हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं. मोटर दोनदा जळाली, ती दुरुस्ती पंचायतीची. जल जीवन मिशनची (घरोघर नळ देण्याच्या योजनेची) पाइपलाइन वरच्या चार घरांपर्यंत पोचली नाही, ते ग्रामीण पाणीपुरवठा विभागाचं. एका घागरीमागे तीन खाती, आणि तिघांच्याही कागदावर "आमच्याकडून काम पूर्ण" असंच लिहिलेलं.

अशा ठिकाणी मागणी अशी लिहावी: "अमुक वाड्यावरच्या सर्व घरांना एप्रिल आणि मे महिन्यांत रोज माणशी 55 लिटर पाणी नळानं मिळावं." 55 लिटर हे जल जीवन मिशनचंच प्रमाण आहे, त्यामुळे त्यावर वाद घालायला जागा नाही. त्याखाली कोणत्या खात्यानं काय करायचं आणि कधीपर्यंत, ते तीन ओळींत. मग टाकी लागेल की टीसी, ते इंजिनीयर ठरवतील. पुढच्या मे महिन्यात पाणी आलं की नाही हे वाड्यावरची कुठलीही बाई सांगू शकते, त्याला तपासणी पथक लागत नाही.

सभेच्या आठ-दहा दिवस आधी चार माणसांना भेटून घ्यावं: वॉटरमन, आशा, अंगणवाडी शिक्षिका आणि शाळेचे मुख्याध्यापक. कमी वजनाची मुलं किती, ताप-जुलाबाचे रुग्ण कुठल्या गल्लीत जास्त, कुठल्या वाड्यातल्या मुली सातवीनंतर शाळा सोडतात, हे आकडे त्यांच्या रजिस्टरात असतात. रजिस्टर तुमच्या हातात देणार नाहीत, पण सभेत विचारलं तर त्यांना उत्तर द्यावं लागतं. आधी भेटून ठेवलं की सभेत त्यांची धांदल होत नाही आणि तुमचीही फजिती होत नाही.

पैशांचंही पाहून ठेवा. 15व्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात पंचायतींच्या अनुदानातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेले होते, 40 टक्के मोकळे. त्या मोकळ्या पैशातूनही पगार देता येत नव्हता. 1 एप्रिल 2026 पासून 16व्या आयोगाचा काळ धरला जातो, त्यामुळे चालू वर्षाची विभागणी पीडीओंकडून लिहून घ्या. बांधील निधीत बसणारं काम मोकळ्या निधीत ढकललं तर रस्त्याशी स्पर्धा लागते, आणि रस्त्यापुढे आपल्याकडे काही टिकत नाही.

कागदपत्रं

सार्वजनिक कामासाठी: मागणीचा अर्ज, त्यावर गल्लीतल्या मतदारांच्या सह्या (नाव आणि मतदार यादीतला क्रमांक लिहिला तर उत्तम), जागेचा हाताने काढलेला साधा नकाशा, दोन-तीन फोटो. जागा खासगी असेल तर उतारा आणि मालकाची लेखी संमती. तोंडी "घ्या की जागा" यावर अंदाजपत्रक होत नाही, आणि भाऊ-भाऊ वेगळे राहत असतील तर सगळ्या वारसांची सही हवी. शाळेचं काम असेल तर एसडीएमसीचा (शाळा विकास आणि देखरेख समितीचा) ठराव जोडा. मराठी शाळांच्या वर्गखोल्या आणि कंपाउंडच्या मागण्या पुष्कळदा या एका कागदासाठी अडतात.

घरकुलासारख्या वैयक्तिक लाभाची यादीही वॉर्ड सभेतून ग्रामसभेत जाते. त्यासाठी आधार, रेशन कार्ड, नाडकचेरीतून (होबळीच्या महसूल कार्यालयातून) घेतलेला जात-उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक आणि जागेचा ई-स्वत्तू (पंचायतीचा ऑनलाइन मालमत्ता) उतारा लागतो. दाखल्याची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा. दाखल्यांसाठी सकाला कायद्याखाली (सरकारी सेवा मुदतीत देण्याचा कर्नाटकचा कायदा) ठरलेले दिवस असतात. अर्जाची पोच आणि क्रमांक जपून ठेवा.

खानापूरच्या जंगलपट्ट्यातल्या गावांसाठी एक वेगळी तरतूद आहे. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) प्रमाणे शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची टाकी, वीजवाहिनी अशा 13 प्रकारच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं जाता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. तेव्हा "फॉरेस्टवाले देत नाहीत" म्हणून मागणी सोडून देण्याआधी ग्रामसभेच्या बुकात (इतिवृत्ताच्या वहीत) ही शिफारस आहे का, ते बघावं. अभयारण्याच्या हद्दीत आणखी परवानग्यांचा प्रश्न येतो.

अर्ज मराठीत चालतो का?

चालतो. घटनेच्या 350 व्या कलमाप्रमाणे केंद्रात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. हक्क सोडू नये. पण फाइल पुढे तालुका पंचायतीत आणि जिल्हा पंचायतीत कन्नडमधूनच फिरते, म्हणून मूळ अर्ज मराठीत देऊन त्याला कन्नड प्रत जोडावी, असं मी प्रत्येकाला सांगतो. गावात कन्नड शाळेत शिकलेली पोरं आता घरोघर आहेत. भाषेच्या कारणावरून अर्ज नाकारला तर नाकारल्याचं लेखी मागा. लेखी मागितलं की बहुधा अर्ज घेतला जातो.

ग्रामसभेच्या दिवशी

पंचायतीचे अध्यक्ष सभा चालवतात, तालुक्यातून नोडल अधिकारी येतो. हजेरीच्या रजिस्टरात सही सभा सुरू झाल्यावर करा. आधी घरी फिरवलेल्या रजिस्टरावर करू नका. वॉर्ड सभेचं बुक वाचायला लावा आणि आपल्या वॉर्डाची मागणी कितव्या क्रमांकावर आहे, ते ऐका. पहिल्या तीनांत नसेल तर वेळीच बोला. मग खात्यांचे लोक. हेस्कॉमचा माणूस आला नसेल तर "गैरहजर" अशी नोंद इतिवृत्तात करून घ्या, आरडाओरडा करून काही होत नाही. ठराव लिहिताना काम, ठिकाण, जबाबदार खातं आणि महिना या चार गोष्टी बुकात येतात की नाही ते उभं राहून बघा. "गावात पाण्याची सोय करणे" एवढाच ठराव असेल तर तो कुठंही वापरता येतो, तुमच्या वाड्यावर सोडून.

बेळगाव शहरातल्यांना हे लागू नाही. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत घटनेनं वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत, तिथली पद्धत निराळी.

नंतरचा पाठपुरावा

पंचायतीच्या आवाक्याबाहेरची कामं तालुका पंचायतीकडे आणि तिथून जिल्हा पंचायतीकडे जातात. जिल्ह्याचा एकत्रित मसुदा जिल्हा नियोजन समिती करते. तालुक्याच्या केडीपी (विकासकामांच्या आढावा) बैठकीत आमदारांसमोर सगळी खाती एका टेबलाला येतात. तीन खात्यांत अडकलेलं काम सोडवायची ती जागा. बैठकीआधी इओंना (तालुका पंचायतीच्या कार्यकारी अधिकाऱ्यांना) आणि आमदारांच्या कार्यालयाला ठरावाची प्रत देऊन ठेवा.

प्रत मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून मागा. कर्नाटकात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, तेव्हा आडपडदा न ठेवता "अमुक तारखेच्या ग्रामसभेच्या ठरावाची प्रत" एवढंच लिहा. 30 दिवसांत उत्तर यायला हवं.

काम झाल्यावर जमाबंदी असते. दरवर्षी 16 ऑगस्ट ते 15 सप्टेंबरच्या दरम्यान पंचायतीचा वर्षाचा हिशेब लोकांसमोर मांडला जातो आणि झालेली कामं जागेवर जाऊन पाहता येतात. गणपतीच्या गडबडीत ती हातोहात उरकली जाते. तारीख आधीच विचारून ठेवा आणि आपल्या कामाचं मोजमाप पुस्तक दाखवायला सांगा.