डीटीएच की डीटूएच, आणि बॉक्स नेमका कुणाचा: मराठवाड्यातल्या छत्र्यांची पार्श्वभूमी

लातूर, परभणी, बीड, नांदेड, कुठल्याही गावात टीव्हीला काय जोडलंय असं विचारलं तर उत्तर येतं, "डीटूएच आहे." वर छत्री, म्हणजे गच्चीवरची डिश, कुणाची बसवलीय याचा त्या उत्तराशी संबंध नसतो. डीटीएच म्हणजे उपग्रहावरून थेट घरात येणारी सेवा, मग ती कुणाचीही असो. डीटूएच हे त्यातल्या एकाच सेवेचं नाव. २००९ मध्ये ती सुरू करणाऱ्या व्हिडिओकॉन उद्योगसमूहाचा टीव्हीचा मोठा कारखाना औरंगाबाद-पैठण रस्त्यावर चितेगावला होता. टीव्ही त्यांचा, छत्री त्यांची, आणि सेट टॉप बॉक्स टीव्हीच्या आतच बसवलेले संचही त्यांनी विकले. आपल्या भागातला माल म्हणून लोकांचा त्यावर विश्वास होता. माझ्या मते म्हणूनच ते नाव इकडे सगळ्याच छत्र्यांना चिकटलं. मार्च २०१८ मध्ये ती सेवा डिश टीव्हीत विलीन झाली, तरी बोलण्यातलं नाव गेलं नाही.

हा नुसता शब्दांचा घोळ नाही. एका सेवेची जाहिरात पाहून माणूस दुसऱ्याच सेवेच्या दुकानात जातो, आणि तक्रारीचा फोन भलत्याच ठिकाणी लावतो. घरासाठी कोणती सेवा घ्यावी यावर बोलताना निम्मा वेळ आधी "तुमच्याकडे आत्ता आहे कोणती?" हे शोधण्यात जातो. छत्रीवरचं नाव उन्हाने उडालेलं असलं तर बॉक्सवरचं पाहावं, आणि बॉक्सवरचंही पुसलं असलं तर टीव्ही सुरू करून पहिला पडदा पाहावा.

उपग्रहावरून थेट चित्र घेण्याचा प्रयोग आपल्या सीमेलगत फार आधी झाला होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत अमेरिकी उपग्रहावरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवले गेले. कर्नाटकातली गावं गुलबर्गा, विजापूर, रायचूर जिल्ह्यांतली होती, म्हणजे उमरगा ओलांडलं की लगेच. महाराष्ट्र त्यात नव्हता. पुढची दोन दशकं आपल्याकडे म्हैसमाळसारख्या उंच ठिकाणचे मनोरे आणि घरावरचा दांड्यांचा अँटेना यांवर गेली, आणि नव्वदीत केबल आली.

डीटीएच मात्र आधी बंदीत अडकलं. एक परदेशी कंपनी सेवा सुरू करण्याच्या तयारीत असतानाच जुलै १९९७ मध्ये केंद्राने ४,८०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर टीव्हीचं प्रक्षेपण घरी थेट घ्यायला मनाई केली. केबलच्या मोठ्या छत्र्या त्याखालच्या लहरींवर चालत होत्या, त्यामुळे त्यांना धक्का लागला नाही. बंदी उठवायचा निर्णय नोव्हेंबर २००० मध्ये झाला, मार्गदर्शक तत्त्वं मार्च २००१ मध्ये आली. त्या तत्त्वांतल्या एका अटीकडे मी खाली सविस्तर येणार आहे.

ऑक्टोबर २००३ मध्ये डिश टीव्ही आलं. १६ डिसेंबर २००४ ला सरकारी प्रसारकाची मोफत सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू झाली, तीच आजची फ्री डिश. ऑगस्ट २००६ मध्ये टाटा स्काय आलं (जानेवारी २०२२ पासून टाटा प्ले), आणि २००८ मध्ये बिग टीव्ही व एअरटेल. पाच-सहा वर्षांत निवडायला एवढे पर्याय झाले. पण सुरुवातीला निवड दिसते तितकी मोकळी नव्हती. वाहिन्यांचे मोठे गट आणि सेवा देणारे यांचे मालक एकमेकांत गुंतलेले होते. त्यामुळे एका सेवेवर एका गटाच्या वाहिन्या नसत, दुसरीवर दुसऱ्या गटाच्या. भांडण न्यायाधिकरणापर्यंत गेलं आणि वाहिनी सगळ्यांना द्यावी लागेल हे तत्त्व हळूहळू रुळलं. तोवर आमच्याकडे दुकानदाराला पहिला प्रश्न किमतीचा नसायचा. "मराठी मालिका कोणत्या छत्रीवर येतात?" हा असायचा, आणि तो विचारणाऱ्या बहुतेक बायका असायच्या. त्यांनी प्रश्न अगदी बरोबर ओळखला होता.

मराठवाड्यात डीटीएच पसरलं ते भारनियमनाच्या वर्षांत. २००५ नंतर काही वर्षं खेड्यांत बारा-बारा तास लाईट नसायची. केबलचं दुखणं असं की चित्र यायला तीन ठिकाणी लाईट लागते: तुमच्या घरात, केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये, आणि वाटेत खांबावर बसवलेल्या अॅम्प्लिफायरला. तिन्ही ठिकाणची वेळापत्रकं वेगळी. घरी लाईट आली की गल्लीच्या तोंडाची गेलेली असायची. छत्रीला फक्त घरचा इन्व्हर्टर पुरे. इन्व्हर्टर नसेल तिथे लोकांनी ट्रॅक्टरच्या बॅटरीवरही काम भागवलं. शिवाय शेतातल्या वस्तीवर केबल ओढणार कोण? आखाड्यावरच्या घराला छत्रीशिवाय पर्यायच नव्हता.

बसवायचं काम जवळून पाहिलं तर सेवांमधला फरक डोळ्यांना दिसतो. अहमदपूरकडच्या एका माळवदाच्या घरावर मी ते पाहिलंय. मातीच्या माळवदात बोल्ट धरत नाही, म्हणून बसवणाऱ्या पोराने छत्रीचा पाया एका जाड फळीवर आवळला आणि फळीवर चारी बाजूंनी चिरे ठेवले. मग छत्रीचं तोंड दक्षिणेकडे, थोडं पूर्वेला. टाटा स्कायचा उपग्रह ८३ अंश पूर्व रेखांशावर होता, आपण साधारण ७५ ते ७८ अंशांत, म्हणून तो जवळजवळ समोर दक्षिणेलाच. डिश टीव्हीचा ९५ अंशांवर, म्हणून त्यांची छत्री थेट आग्नेयेला तोंड करून बसते. फ्री डिश ९३.५ अंशांवर, तीही आग्नेयच. गावात गच्च्यांवर नजर टाकली तर छत्रीच्या तोंडावरून ती कुणाची हे बऱ्यापैकी सांगता येतं. पोराने हातातला मीटर एलएनबीला, म्हणजे छत्रीपुढच्या लहरी पकडणाऱ्या भागाला, जोडला, छत्री बोटाबोटाने सरकवली, आवाज चढत गेला, आणि त्याने खालच्या माणसाला ओरडून विचारलं, "आलं का?" बॉक्सवर चित्र आलं की नट आवळायचा. छत्री सगळ्यांची सारखीच. पत्रा तोच, बहुतेक वेळा एलएनबीही तोच चालतो. वेगळा असतो तो बॉक्स.

आता ती अट.

२००१ च्या तत्त्वांत आणि परवान्याच्या करारात सरकारने लिहून ठेवलं होतं की सेट टॉप बॉक्स खुल्या रचनेचा हवा, आणि एका कंपनीचा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या सेवेवर चालला पाहिजे. हे पहिली खासगी छत्री बसायच्या आधी लिहिलेलं आहे. त्यासाठी बॉक्सला एक खाच ठेवायची होती. सेवा बदलली की बॉक्स तोच ठेवायचा आणि खाचेत नव्या कंपनीचं मॉड्यूल व कार्ड घालायचं. कागदावर हे चोख होतं. बऱ्याच जुन्या बॉक्सना ती खाच होतीही. पण तिच्यात घालायचं मॉड्यूल मला लातूरच्या, नांदेडच्या किंवा औरंगाबादच्या बाजारात सुटं कधी विकायला दिसलं नाही. लोकांच्या घरी ती खाच धूळ खात राहिली.

दुसरी अडचण तांत्रिक होती. पहिल्या सेवा चित्र दाबून पाठवायला एमपेग-२ ही पद्धत वापरत, नंतर आलेल्या एमपेग-४. जुना बॉक्स नव्या सेवेचं चित्र उलगडूच शकत नव्हता, मग खाच असो वा नसो. सरकारी मानक मात्र सुरुवातीच्याच पद्धतीला धरून होतं. कंपन्यांचं म्हणणं होतं की पैसे न भरणाऱ्याला चित्र दिसू नये म्हणून लावलेलं प्रत्येकाचं कुलूप वेगळं, ते खुलं केलं तर चोरी वाढेल. शिवाय बॉक्स आम्ही पदरचे पैसे घालून स्वस्तात देतो, तो दुसऱ्याच्या कामाला का यावा? चोरीचा मुद्दा मी खोटा म्हणत नाही. पण जानेवारी २०११ पासून देशभर मोबाईलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली, तेव्हा दूरसंचारातले आक्षेपही कमी नव्हते. तिथे नियम राबवला गेला, इथे तो परवान्याच्या कागदातच राहिला.

"फुकट बॉक्स" हा शब्दही इथलाच. पावतीवर ॲक्टिव्हेशन, इन्स्टॉलेशन, पहिल्या महिन्याचा पॅक असे आकडे असतात आणि बॉक्सपुढे शून्य. त्या शून्याचा अर्थ योजनेप्रमाणे बदलतो. कुठे बॉक्स तुमचा होतो, कुठे तो कंपनीच्याच मालकीचा राहून तुमच्याकडे वापरायला दिलेला असतो. विकत, हप्त्याने आणि भाड्याने असे पर्याय ग्राहकापुढे ठेवावेत असं नियामकाने, म्हणजे ट्रायने, सांगितलेलं आहे, पण दुकानाच्या काउंटरवर एकच पर्याय समोर येतो, जो त्या महिन्यात खपवायचा असतो. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज पडून बॉक्स जळाला, तेव्हा कंपनीच्या माणसाने नवाच घ्यावा लागेल असं सांगितलं. कपाटात दुसऱ्या सेवेचा चालू बॉक्स पडून होता, भावाने सेवा बदलल्यावर उरलेला. छत्री शाबूत, तार शाबूत, बॉक्स चालू, आणि तरी पडदा काळा. त्या दिवशी मी २००१ ची ती अट शोधून वाचली. तेव्हापासून कुणीही "कोणती सेवा घेऊ?" विचारलं की मी आधी बॉक्सच्या अटी वाचायला सांगतो आणि मग पॅक.

एप्रिल २०२० मध्ये नियामकाने सरकारला पुन्हा शिफारस केली की देशातला प्रत्येक बॉक्स, डीटीएचचा असो की केबलचा, दुसऱ्या सेवेवर चालणारा असावा, आणि त्यासाठी यूएसबीच्या खाचेचा मार्ग सुचवला. तेच म्हणणं, एकोणीस वर्षांनी.

केबलनेही मधल्या काळात लोकांना छत्रीकडे ढकललं. डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत मराठवाड्यातलं एकच होतं, औरंगाबाद, मुदत ३१ मार्च २०१३. बाकी नगरपालिकांची आणि खेड्यांची मुदत लांबत लांबत २०१७ च्या सुरुवातीपर्यंत गेली. केबललाही बॉक्स घ्यायचाच, तर मग छत्रीच का नको, असा विचार तेव्हा घरोघरी झाला.

आणि मग फेब्रुवारी २०१९. नियामकाचा मार्च २०१७ चा दरांचा आदेश न्यायालयातून सुटून लागू झाला. प्रत्येक वाहिनीला छापील दर, आणि पहिल्या १०० वाहिन्यांसाठी जास्तीत जास्त १३० रुपये पायाभूत आकार, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. एचडी वाहिनी दोन वाहिन्यांच्या बरोबरीने मोजायची. झी मराठीचा दर १९ रुपये ठरला. मोंढ्यातल्या रिचार्जच्या दुकानात त्या महिन्यात लोक वहीच्या कागदावर वाहिन्यांची नावं लिहून आणत होते. एका आजोबांच्या चिठ्ठीत चारच ओळी होत्या: बातम्या, कीर्तन, सह्याद्री, पोरांचं कार्टून. ती चार जरी घेतली तरी दीडशे रुपये सुटत नव्हते. "पाहा तेवढंच पैसे द्या" असं सांगितलं गेलं, प्रत्यक्षात थोडंच पाहणाऱ्याचं बिल वाढलं. निर्णयाच्या बाजूने सांगण्यासारखं एक आहे की दर उघडे झाले. त्याआधी एका वाहिनीची किंमत बहुतेकांना कळत नव्हती. २०२० मध्ये त्याच १३० रुपयांत २०० वाहिन्या झाल्या. पण सोयाबीनच्या पैशावर वर्षाचं रिचार्ज एकदम मारणाऱ्या घरांनी तोवर हिशेब केला होता. २०२४ मध्ये पायाभूत आकारावरची मर्यादाच काढली गेली.

त्या घरांतली बरीच फ्री डिशकडे वळली. तिथेही सगळं सरळ नव्हतं. मार्च २०१९ मध्ये मोठ्या गटांनी आपल्या मोफत हिंदी वाहिन्या तिथून काढल्या, २०२० मध्ये परत आणल्या, एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा काढल्या. सह्याद्री मात्र सुरू राहिली. पैसे भरून डीटीएच पाहणारी देशातली घरं २०२० अखेरीस सात कोटींच्या आसपास होती, २०२५ मध्ये ती पावणेसहा कोटींच्या खाली आली. त्यातले काही मोबाईल आणि ब्रॉडबँडकडे गेले, काही या मोफत छत्रीकडे.

तिकडे वळणाऱ्याला गच्चीवर फारसं काम नसतं. डिश टीव्हीची छत्री असेल तर ९५ वरून ९३.५ अंशांवर न्यायला बोटभर सरकवावी लागते. टाटाची असेल तर दक्षिणेकडचं तोंड चांगलंच आग्नेयेला वळवावं लागतं. चिरे उचलायचे, फळी फिरवायची, चिरे परत ठेवायचे. खाली मात्र नवा बॉक्स आणावा लागतो, आणि जुना कपाटात आधीच्या बॉक्सवर जाऊन बसतो.