पाण्याच्या बाटलीचा एमआरआय

दिवाळीत निफाडहून एका द्राक्षबागायतदाराचा फोन आला. "सर, पोरीला पीएचडीला धाडलं. मेंदूवर काम करणार म्हणाली होती. सहा आठवडे झाले, पाण्याच्या बाटलीचा एमआरआय काढतेय. बाटलीला काय झालंय?"

पोरगी माझी जुनी विद्यार्थिनी, सुट्टीला घरी आलेली. दुसऱ्या दिवशी नाशिकहून निघून मी बागेत पोचलो. ऑक्टोबर छाटणी उरकली होती आणि कोवळी फूट डाऊनी या रोगापासून वाचवायची धडपड चालली होती. एका ड्रममध्ये मोरचूद विरघळत होतं, दुसऱ्यात चुना. बोर्डो मिश्रण या फवाऱ्याची तयारी. म्हटलं, आप्पा, तुमचं उत्तर या ड्रममध्येच आहे. लेकीच्या बाटलीतही मोरचूदच असतं.

अशा बाटलीला एमआरआयवाले ‘फँटम’ म्हणतात. एमआरआयमध्ये नव्याने येणारे संशोधक नाना वाटांनी येतात. कुणी भौतिकशास्त्रातून, कुणी इलेक्ट्रॉनिक्समधून, कुणी एमबीबीएस होऊन. एकाला मेंदूतली शीर ओळखता येत नाही, दुसऱ्याला वारंवारता म्हटलं की जांभई येते. बाटलीपुढे दोघंही सारखेच अडाणी. तिच्यात काय आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे चित्रात वावगं दिसलं तर चूक मशीनची किंवा आपली. रुग्णाच्या डोक्याबाबत ही सोय नाही. हल्ली बरीच मुलं तयार चित्रं एआयला चारून थेट निदानावर उडी मारू बघतात. पण मशीन चित्र टिपतच नाही. ते रेडिओलहरी मोजतं. चित्र मागाहून गणितानं बनतं.

आता माझ्या आवडीचा भाग, जरा दमानं वाचा. पाण्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, हा इवलासा चुंबक. 1.5 टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं एकक) स्कॅनरमध्ये तो सेकंदाला सुमारे 6 कोटी 40 लाख वेळा भोवऱ्यासारखा डुलतो. निम्मे प्रोटॉन चुंबकीय क्षेत्राच्या बाजूने, निम्मे विरुद्ध, अशी जवळजवळ बरोबरीच असते. दहा लाखांमागे जेमतेम पाचांचा फरक. सगळा सिग्नल या पाचांच्या जिवावर. त्याच वारंवारतेची रेडिओलहर सोडली की ते कलंडतात, आणि बरेचसे पूर्ववत व्हायला शुद्ध पाण्यात तीनेक सेकंद घेतात. या काळाला टी-वन म्हणतात.

तीन सेकंद अणूंच्या जगात युगासारखे. एवढा वेळ का? प्रोटॉनला ऊर्जा सोडून द्यायची असते, पण ती घेणारं कुणीतरी त्याच्याच ठेक्यात हलायला हवं. एकाच ठेक्यावर पाऊल टाकणारा लेझीमवाला डोळ्यांपुढे आणा. भोवतीचे पाण्याचे रेणू त्या ठेक्याच्या हजारो पट वेगानं गडबडा लोळताहेत. त्या गलक्यात ओळखीचा ठोका त्याच्या कानी क्वचितच पडतो. मोरचुदातल्या तांब्याच्या आयनाकडे मात्र विनाजोडीचा एक इलेक्ट्रॉन असतो, आणि इलेक्ट्रॉनची चुंबकीय ताकद प्रोटॉनच्या साडेसहाशे पट. शेजारी आलेल्या रेणूतला प्रोटॉन त्या दणक्यानं झटक्यात जागेवर येतो. तो रेणू सरकतो, पुढचा येतो. लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम मोरचूद पडलं तरी तीन सेकंदांचं काम अर्ध्या-पाऊण सेकंदावर येतं. 1946 साली भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांनी पाण्यात फेरिक नायट्रेट मिसळलं ते याचसाठी. चित्रातला भेद उठून दिसावा म्हणून रुग्णाला टोचतात त्या औषधातल्या गॅडोलिनियम या धातूची करामतही हीच. फक्त त्याच्याकडे विनाजोडीचे इलेक्ट्रॉन सात.

पूर्ववत न झालेले प्रोटॉन पुढच्या लहरीला नीट दाद देत नाहीत. 1951 साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी द्रव नळीतून वाहता ठेवला आणि सिग्नल वाढला, कारण दमलेले प्रोटॉन पुढे जाऊन ताजे येत होते. रक्तप्रवाह टिपणाऱ्या एमआरआयची चर्चा निघाली की मला हे नाव हटकून आठवतं.

पोरीनं वही काढली. बाटलीचा टी-वन मोजायचा तिचा प्रयोग असा. प्रोटॉन पुरते उलटे करायचे, थांबायचं, मोजायचं, थांबण्याचा काळ बदलत राहायचं. आलेख शून्याला छेदतो त्या वेळेला 0.69 नं भागलं की टी-वन. पहिल्या पानावरचा आकडा साफ चुकलेला होता. "दोन मोजमापांमध्ये पुरेसं थांबलेच नव्हते सर. टी-वनच्या पाचपट तरी थांबायला हवं." हे कळायलाच दोन आठवडे गेले होते. आता तिला दोष दिसतो. मेंदूच्या पांढऱ्या भागाचा टी-वन सेकंदाच्या आत, मेंदूभोवतीच्या पाण्याचा चारेक सेकंद. चित्रातला काळा-पांढरा भेद यातूनच येतो, आणि घाई केली तर तोच फसवतो.

चहा आला तेव्हा ओट्यावर चुंबक बसवलेला जार दिसला. गुडघेदुखीवर ‘चुंबकित पाणी’. पोरगी आईला म्हणाली, "आई, आमच्या एवढ्या मोठ्या चुंबकातून बाटली बाहेर काढली तरी प्रोटॉनचा कल काही सेकंदांत जातो. तुझ्या जारातून पाणी पेल्यात ओतेस्तोवर काय उरणार?" आईनं जार हलवला नाही. दोन हजारांचा होता.

आप्पा मात्र विचारात पडले होते. "मग फवारलेल्या द्राक्षातलं मोरचूद तुझ्या मशीनला दिसेल?"

पोरगी थबकली. "सालीवर किती आणि गरात किती, त्यावर आहे. धुतलेला घड आणि न धुतलेला, दोन्ही घालून बघायला लागतील."

"माल जानेवारीनंतर निघेल," आप्पा ड्रममधली काठी फिरवत म्हणाले. "तोवर बाटलीच कर."