चार्जिंगच्या सवयी आणि मोबाईलची बॅटरी

चार्जिंगच्या सवयी म्हणजे फोन आपण कधी, किती टक्क्यांवर आणि कुठे ठेवून चार्जिंगला लावतो ते. बॅटरी दोन वर्षं टिकणार की चार, हे बऱ्यापैकी त्यावरच ठरतं. आताच्या स्मार्टफोनमध्ये लिथियम-आयन जातीचीच बॅटरी असते, सोनीने ती १९९१ मध्ये बाजारात आणली आणि त्यामागच्या कामासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गंमत म्हणजे बॅटरीची जात बदलली तरी सल्ले जुनेच राहिले. "पूर्ण उतरू दे मग लाव", "नवीन फोन आधी आठ तास चार्ज कर" हे सगळं निकेलच्या बॅटऱ्यांच्या काळातलं, निकेल-कॅडमियम अर्धवट चार्ज करत राहिलं की तिची क्षमता कमी झाल्यासारखी वाटायची. लिथियमला तो प्रकार नाही, उलट सारखी शून्यावर नेली तर तिला त्रासच होतो.

दुसरा गैरसमज सायकलचा, म्हणजे एकूण शंभर टक्के चार्ज वापरून होण्याच्या एका फेरीचा. चार्जर लावला की एक सायकल गेली असं नसतं, आज ६० टक्के वापरले, उद्या ४० वापरले, की एक सायकल होते, मग मध्ये कितीही वेळा पिन लावा. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतची बॅटरी ५०० सायकलनंतर आणि १५ पासूनची १००० सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहते, तेही योग्य परिस्थितीत. युरोपियन युनियनने तर २० जून २०२५ पासून ८०० सायकलला ८० टक्के असा नियमच लावलाय.

रात्रभर चार्जिंगला ठेवलं तर बॅटरी ओव्हरचार्ज होत नाही, फोनमधलं सर्किट करंट थांबवतं. पण तासन्‌तास १०० टक्क्यांवर, म्हणजे वरच्या व्होल्टेजला बसून राहिल्याने ती हळूहळू म्हातारी होते. म्हणून २०१९ पासून आयफोनमध्ये आणि नंतर बऱ्याच अँड्रॉइडमध्ये ८० ला थांबून उठायच्या सुमारास बाकीचं भरायची सोय आली. अर्थात जिथे लाईट कधी जाईल सांगता येत नाही तिथे हे ८० टक्क्यांचं शास्त्र कुणी पाळू नये, लाईट आहे तोवर भरून घ्यावं, बॅटरी जपायला फोन बंद पडू देण्यात काय अर्थ आहे?

फास्ट चार्जिंगचा वेग सुरुवातीलाच असतो. व्होल्टेज मर्यादेला पोचलं की करंट कमी करत जावा लागतो, म्हणून शेवटचे वीस टक्के रेंगाळतात, त्यात चार्जरचा दोष नसतो.

खरा शत्रू गरमी. आयफोनसाठी ॲपल ० ते ३५ अंश सांगतं, आणि मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा बाईकच्या हँडलला उन्हात फोन लावलाय, मॅप चालू, वरून चार्जिंगही चालू, याच्यापेक्षा वाईट बॅटरीसाठी काही नाही (डिलिव्हरीवाल्या पोरांना पर्याय नसतो ती गोष्ट वेगळी). उशीखाली ठेवून चार्ज करणं त्याच जातीचं. आमच्याकडे फोन तापला की फ्रीजमध्ये ठेवायची पद्धत होती, ते तर अजिबात नको, आत ओल धरते. जाड कव्हर काढून सावलीत ठेवला तरी पुरतं.

रेंज कमी असेल तिथेही बॅटरी धडाधड उतरते, कारण टॉवर पकडायला फोन जास्त जोर लावतो, घाटात किंवा ट्रेनमध्ये हा अनुभव येतोच. ॲप सारखे सरकवून बंद करून मात्र फार काही वाचत नाही, परत उघडताना तेवढीच खर्च होते.

बॅटरी फुगते ती आत गॅस तयार झाल्याने. डिस्प्ले कडेने उचललेला दिसला की चार्जिंग ताबडतोब थांबवायचं, दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, टोचायचं तर नाहीच, आणि बदलून घेतलेली जुनी बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यायची.