ग्लॅम रॉक आणि ग्लॅम मेटल: चमकी तीच, ताल वेगळा

फोटो बघून कुणीही फसेल. चकचकीत कपडे, उंच टाचांचे बूट, काजळ घातलेले पुरुष. म्हणून टी. रेक्स, स्लेड, मॉटली क्रू आणि पॉयझन सर्रास एकाच प्लेलिस्टमध्ये कोंबलेले दिसतात. पण पहिले दोन बँड ब्रिटनचे, ग्लॅम रॉकवाले; उरलेले दोन अमेरिकेचे, ग्लॅम मेटलवाले, आणि मध्ये दहा वर्षं गेलेली.

१९७१ मध्ये टी. रेक्सचा गायक मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमात आला आणि ग्लॅम रॉक घराघरांत पोचला. आजचे लेख गायक डेव्हिड बोवीभोवतीच फिरतात; तिथल्या शाळांच्या डिस्कोत मात्र हमखास वाजायचे ते स्लेड, स्वीट आणि मड हे बँड. दिवसा जिथे प्रार्थना आणि पीटी, त्याच हॉलमध्ये संध्याकाळी रंगीत दिवे, सरबत, वेफर्स आणि कडेला पहाऱ्यावर शिक्षक. मुलं एका भिंतीला, मुली दुसऱ्या. त्यांना मधोमध आणायचं तर पाय आपटता येतील असा ठोक ताल हवा, पहिल्याच खेपेला ओरडता येईल असं ध्रुपद हवं आणि गाणं तीन-चार मिनिटांत संपायला हवं. मडच्या ‘टायगर फीट’वर (१९७४) तर नाच येण्याचीही गरज नव्हती: पँटच्या पट्ट्यात अंगठे अडकवायचे आणि खांदे झुकवायचे! रेकॉर्डही खाऊच्या पैशांत येणारी, सात इंची.

ग्लॅम मेटल वाढलं लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवरच्या क्लबांत. १९८१ मध्ये एमटीव्ही हे गाण्यांच्या व्हिडिओंचं चॅनल सुरू झालं आणि या मंडळींच्या फुगवलेल्या केसांना हक्काचा पडदा मिळाला. इथे गिटारवाल्याची बोटं किती वेगानं पळतात ते महत्त्वाचं. शिवाय प्रत्येक अल्बममध्ये एखादं लायटर पेटवून डोलायचं संथ गाणं. हे सगळं मोठ्या बंदिस्त स्टेडियमच्या मापाचं. १९९१ मध्ये निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम आला आणि बघता बघता हे सारं जुनाट वाटू लागलं.

फरक कानांनी तपासायचा तर स्लेडचं ‘कम ऑन फील द नॉइझ’ ऐका. १९७३ मध्ये ते ब्रिटनमध्ये आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेनं ढुंकून पाहिलं नाही. दहा वर्षांनी क्वाएट रायट या अमेरिकी ग्लॅम मेटल बँडनं तेच गाणं घुमणाऱ्या ड्रम्ससह केलं आणि अमेरिकेत पाचवा क्रमांक गाठला. मला विचाराल तर मूळचंच बरं. त्यात गर्दीचा घाम आहे.

आणि पाचगणीच्या शाळेत बँड काढणारा, पुढे क्वीन या बँडचा गायक झालेला फ्रेडी मर्क्युरी कुठल्या बाजूचा? क्वीनच्या १९७४ पर्यंतच्या गाण्यांवर ग्लॅम रॉकची छाया आहे, पुढे त्यांनी वाट बदलली.

खरी पंचाईत डेफ लेपर्ड या ब्रिटिश बँडची. गायक जो एलियट १९५९ चा, शेफील्डचा, टी. रेक्स आणि मॉट द हूपल या ग्लॅम रॉक बँडांच्या काळात तो शाळकरी पोरगाच होता. १९८७ चं ‘पोर सम शुगर ऑन मी’ एमटीव्हीच्या थाटाचं, पण खालचा ठेका ऐका, तो ग्लॅम रॉकसारखा पाय आपटायचा. त्यांना कुठल्या खणात ठेवायचं, यावर मी तरी भांडणार नाही.