न्यूट्रिनो कार्यशाळा: वक्त्यांच्या यादीमागचा इतिहास

न्यूट्रिनो म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडखळता आरपार जाणारे सूक्ष्म मूलकण. त्यांच्या भौतिकीची कार्यशाळा भरवायची ठरली की पहिली चर्चा वक्त्यांवरून सुरू होते. कोणाला बोलवायचं, कोणाला किती मिनिटं द्यायची, मोठं नाव पहिल्या दिवशी ठेवायचं की शेवटच्या. ही चर्चा व्हायलाच हवी. पण या क्षेत्रात नव्या प्रकल्पांचं बरंचसं काम दुपारच्या गटचर्चांमध्ये उभं राहिलं आहे. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या वाट्याला जेमतेम एक ओळ येते. म्हणून मागे वळून पाहणं गरजेचं वाटतं.

नियमित आंतरराष्ट्रीय न्यूट्रिनो परिषदांची सुरुवात १९७२ मध्ये हंगेरीतल्या बालाटोन सरोवराकाठी झाली. पुढाकार हंगेरियन भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज मार्क्स यांचा होता. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकेतले रेइन्स व फाइनमन आणि सोव्हिएत संघातले पॉन्टेकोर्वो हे भौतिकशास्त्रज्ञ एका सभागृहात बसले, ही त्या वेळी साधी गोष्ट नव्हती. या मालिकेची ओळखीची रीत अशी: समांतर सत्रं नाहीत, निमंत्रितांची भाषणं सगळ्यांनी एकत्र ऐकायची, बाकीच्यांनी पोस्टर लावायचे. मोठ्या घोषणेसाठी हा साचा उत्तम. जून १९९८ मध्ये जपानच्या ताकायामात ताकाआकी काजिता यांनी सुपर-कामिओकांदे या भूमिगत डिटेक्टरचे निष्कर्ष मांडले. वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलतात, म्हणजेच त्यांना वस्तुमान आहे, याचा भक्कम पुरावा त्या भाषणात होता. २०१५ चं नोबेल काजिता आणि आर्थर मॅकडोनल्ड यांना मिळालं.

पण निष्कर्ष जाहीर झाल्यावर पुढे काय बांधायचं, हा प्रश्न भाषणांनी सुटत नाही. त्यासाठी पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, फ्रान्सच्या ल्यों शहरात ‘नूफॅक्ट’ ही कार्यशाळा सुरू झाली. साठवण-वलयात म्यूऑन (इलेक्ट्रॉनसारखे पण जड कण) फिरवायचे आणि त्यांच्या क्षयातून न्यूट्रिनोंचा झोत मिळवायचा, ही ‘न्यूट्रिनो फॅक्टरी’ची कल्पना तेव्हा नवी होती. सिद्धांत मांडणारे, डिटेक्टर बांधणारे आणि त्वरक (कणांना वेग देणारी यंत्रं) चालवणारे, हे तिघंही एकत्र बसल्याशिवाय ती कागदावरसुद्धा उतरणार नव्हती. त्यातून कार्यगटांची रचना घट्ट झाली: न्यूट्रिनोंचं प्रकारांतर, अणुकेंद्रकांवरचं विकिरण (न्यूट्रिनोंचं त्यांच्यावर आदळून विखुरणं), त्वरक आणि म्यूऑन भौतिकी. प्रत्येक गटाला आशिया, युरोप आणि अमेरिका या तिन्हींकडचे संयोजक, आणि शेवटी त्या संयोजकांनीच आपल्या गटाचा गोषवारा सर्वांपुढे मांडायचा. कार्यशाळेची जागाही या तीन खंडांत फिरत राहते.

भारतात ही पद्धत आधीपासूनच रुजलेली होती. उच्च ऊर्जा भौतिकीतली ‘व्हेप’ ही कार्यशाळांची मालिका १९८९ मध्ये मुंबईत सुरू झाली. १९९८ ची पाचवी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेत भरली. व्याख्यानं मोजकी, कार्यगटांना भरपूर वेळ, हे तिचं वैशिष्ट्य. जानेवारी २००० मध्ये चेन्नईच्या सहाव्या ‘व्हेप’मध्ये न्यूट्रिनो गटाच्या पहिल्याच बैठकीत जुना विषय निघाला: भारतात पुन्हा न्यूट्रिनो डिटेक्टर का नको? ‘पुन्हा’ अशासाठी, की १९६५ मध्ये कोलार सोन्याच्या खाणीत सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), जपानचं ओसाका आणि इंग्लंडचं डरहॅम इथल्या संशोधकांनी वातावरणातले न्यूट्रिनो टिपले होते. जगातल्या पहिल्या अशा नोंदींपैकी ती एक. चेन्नईनंतर ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या साहा इन्स्टिट्यूटमध्ये चर्चा झाली. फेब्रुवारी २००१ मध्ये चेन्नईतच सिद्धांतकार आणि प्रयोगकर्त्यांना मुद्दाम एकत्र आणणारी बैठक भरली, आणि तिथे भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेचा म्हणजे ‘आयएनओ’चा गट स्थापन झाला. सप्टेंबरमध्ये टीआयएफआरमध्ये उपगट ठरले: डिटेक्टर, सिम्युलेशन, जागेचा शोध. ऑगस्ट २००२ मध्ये सात संस्थांनी करार केला. एका कार्यगटाच्या बैठकीपासून करारापर्यंत तीन वर्षंही लागली नाहीत. पुढे जागेवरून प्रकल्प रखडला, याचं दुःख आहेच. पण ती वेगळी कहाणी.

ऑक्टोबर २०१० मध्ये ‘नूफॅक्ट’ मुंबईत, टीआयएफआरमध्येच भरली. ‘आयएनओ’साठी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यातल्या बोडी डोंगरांत निवडलेल्या जागेला पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी मिळाली तीही त्याच महिन्यात. तेव्हा सगळ्यांचं लक्ष थीटा-१३ या मिश्रण कोनाकडे, म्हणजे न्यूट्रिनो किती प्रमाणात प्रकार बदलतात हे ठरवणाऱ्या एका राशीकडे, होतं. तो फारच लहान निघाला तर न्यूट्रिनो फॅक्टरीवाचून गत्यंतर नव्हतं. मार्च २०१२ मध्ये चीनच्या दाया बे प्रयोगाने तो मोजला. तो सुमारे ९ अंश, म्हणजे चांगलाच मोठा निघाला. पुढची मोजमापं साध्या पण तीव्र झोतांनीही होऊ शकतील हे स्पष्ट झालं, आणि फॅक्टरीची निकड ओसरली. कार्यशाळेचं नाव तेच राहिलं, कार्यक्रम मात्र बदलत गेला. तीन न्यूट्रिनोंच्या चित्रापलीकडचं भौतिकशास्त्र आणि डिटेक्टर यांना स्वतंत्र गट मिळाले. माझ्या मते आयोजकांनी शिकावं ते इथे: प्रश्न बदलला की सत्रांची विभागणीही बदलायला हवी, जुनी कार्यक्रमपत्रिका पुढे रेटून चालत नाही.

वक्ते निवडण्याची रीतही याच काळात पालटली. मोठ्या प्रयोगांवर शेकडो लोक काम करतात, त्यामुळे निमंत्रण व्यक्तीला न जाता प्रयोगाच्या वक्ता समितीला जातं, आणि कोण येणार हे ती ठरवते. आयोजकांच्या हातात विषय, वेळ आणि क्रम एवढंच उरतं. एखाद्या पीएच.डी. करणाऱ्या मुलीने केलेलं विश्लेषण तिनेच मांडावं असं वाटत असेल, तर ते समितीला वेळेत कळवावं लागतं. सिद्धांतकारांना मात्र आजही थेट पत्र जातं.

प्रकारांतर आणि विकिरण या दोन गटांचं संयुक्त सत्र आता सहसा टळत नाही. याचं मूळ २००१ मध्ये आहे. काही जीईव्ही (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचा न्यूट्रिनो अणुकेंद्रकावर आदळल्यावर नेमकं काय होतं, याची माहिती तोकडी आहे हे लक्षात आल्यावर जपानच्या केईके प्रयोगशाळेत ‘नूइंट’ ही वेगळी मालिका सुरू झाली. ती अनिश्चितता अजूनही जपानच्या टीटूके आणि अमेरिकेच्या नोव्हा या प्रयोगांच्या निष्कर्षांना चिकटलेली आहे, आणि अमेरिकेतल्याच ड्यून या आगामी प्रयोगापुढेही ती उभी राहणार आहे. नोव्हा आणि ड्यून या दोन्हींत भारतीय संस्था आहेत. त्यामुळे आपल्याकडे कार्यशाळा ठरवताना या सत्राला शेवटच्या दुपारचा उरलेला तास न देता दुसऱ्या दिवसाची पूर्ण दुपार द्यावी.