सही बारीक होण्याआधी : कंपवात आणि वैद्यकीय इच्छापत्राची पार्श्वभूमी

कंपवाताचे (पार्किन्सन्सचे) पहिले सविस्तर वर्णन लंडनमध्ये १८१७ साली छापले गेले आणि १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे त्यावरचे औषध हाती आले. या गोळीने हालचाल परत आली, आयुष्यही वाढले. त्याबरोबर आजाराचा उत्तरार्धही लांबला. गिळणे बिघडणे, घास श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया, भास, विस्मृती हे सगळे त्या उत्तरार्धातले. नाकातून अन्नाची नळी घालायची का, हा प्रश्न घरापुढे येतो तो याच टप्प्यावर, आणि बहुतेकदा रात्री, कॅज्युअल्टीच्या दारात.

अशा वेळी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचे, ते वैद्यकीय इच्छापत्र. त्याबद्दलचा आपल्याकडचा कायदा घडला तो वेगळ्याच खाटेपाशी. १९७३ मध्ये हल्ल्यात मेंदूला इजा झालेली परळच्या रुग्णालयातली परिचारिका २०१५ पर्यंत तिथेच होती. तिला अन्न देणे थांबवून मरू द्यावे, अशी तिच्यासाठी केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये फेटाळली, कारण तिला भरवणाऱ्या, पुसणाऱ्या सहकाऱ्यांनाच ते मान्य नव्हते. पण त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीव टिकवून ठेवणारे उपचार काढण्याची वाट उघडली. पुढे ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि लिव्हिंग विल म्हणजे हे वैद्यकीय इच्छापत्र, दोन्ही मान्य केले. मथळ्यांत आले ‘इच्छामरण’, आणि लोकांना आठवले भीष्म! खरे तर निकालात बाण कोणी सोडत नव्हते. नको असलेले उपचार नाकारण्याचा तो हक्क होता. घरातल्या वडीलधाऱ्यांशी हा विषय काढणे या एका शब्दाने किती अवघड करून ठेवले, याची मोजदाद नाही.

२०१८ ची पद्धत तर जवळजवळ न वापरण्यासाठीच केल्यासारखी होती. दोन साक्षीदार, वर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही. वेळ आली की रुग्णालयाचे डॉक्टरांचे मंडळ, मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेले मंडळ, शेवटी दंडाधिकाऱ्यांची रुग्णाकडे फेरी. जानेवारी २०२३ मध्ये हे सुटसुटीत झाले. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, दुसरे मंडळही रुग्णालयातच बसते, मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे आणि दंडाधिकाऱ्यांना फक्त कळवायचे. इच्छापत्राची प्रत सांभाळायला स्थानिक संस्थेचा अधिकारी हवा होता, तो बराच काळ सापडतच नव्हता. मुंबईतल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी जनहित याचिका केली, तेव्हा कुठे महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले गेले. गोव्यात २०२४ मध्ये एका विद्यमान न्यायमूर्तींनी स्वतःचेच वैद्यकीय इच्छापत्र नोंदवले.

एवढे होऊनही कंपवाताच्या घरात कागद अडतो तो एका शब्दावर : ‘टर्मिनल’. निकालानुसार पत्र लागू होते ते माणूस मरणासन्न आजारात असताना, बरे होण्याची आशा संपलेली असताना आणि स्वतः निर्णय घेऊ शकत नसताना. कर्करोगात ही रेघ त्या मानाने दिसते. कंपवातात ती कुठे ओढायची? आजार बरा होणारा नाही, हे पहिल्याच दिवशी ठाऊक असते. तरी माणूस त्यानंतर १५-२० वर्षे जगतो. न्यूमोनिया झाला की डॉक्टर म्हणतात, हा तर बरा होईल, आणि पुष्कळदा होतोही. मग पुन्हा होतो. कितव्या वेळी ‘आता टर्मिनल’ म्हणायचे? सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने उपचार थांबवण्याबाबत काढलेल्या नियमांच्या मसुद्यात ‘नजीकच्या भविष्यात मृत्यू अटळ’ अशा अर्थाची व्याख्या होती. त्यातला ‘नजीक’ किती नजीक, हा प्रश्न शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्यांच्या, पदरातच राहिला. माझ्या मते हा दोष हेतूचा नाही. बेशुद्धी आणि व्हेंटिलेटर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या नियमांत इंचाइंचाने उतरणारा आजार बसत नाही, इतकेच.

दुसरी अडचण हाताची. या आजारात अक्षर बारीक होत जाते. सहीचे पहिले अक्षर ठीक येते आणि आडनाव मुंगीएवढे होऊन कागदाच्या कडेला जाते. बँकेत सही जुळत नाही ही अशा घरांतली जुनी तक्रार, तीच नोटरीपुढे येते. आवाजही खोल गेलेला असतो, चेहरा कोरा दिसतो, उत्तर यायला वेळ लागतो. समोरच्याला वाटते, आजोबांना समजत नाहीये. गोळीचा असर चढलेला असताना, सकाळच्या डोसनंतर तासाभराने भेट ठरवली, तर तोच माणूस नीट बोलतो. म्हणून शुभार्थी, म्हणजे कंपवात झालेली माणसे, आता पत्र लवकर करू लागले आहेत, लिहितानाचे चित्रीकरण ठेवतात, आणि ‘टर्मिनल’ शब्दावर विसंबत नाहीत : घास गिळता येईनासा झाला, घरचे ओळखू येईनासे झाले, तर नळी नको, असे प्रसंगच लिहितात.

तयार नमुन्यांत सहसा नसलेली एक ओळही ते घालतात. उपचार थांबवा म्हणताना लेव्होडोपा थांबवू नका, कारण ती एकदम बंद केली तर अंग लाकडासारखे ताठते. सोबत गोळीच्या वेळांचा तक्ता जोडलेला असतो : ७, ११, ३, ७.